लांडगा मारायचा तर कारण लिहून द्यावं लागतं

बेळगावहून धारवाडला निघालात की शहर लागायच्या आधी महामार्गावर बेलूर येतं. होयसळांच्या मंदिराचं प्रसिद्ध बेलूर ते वेगळं, हसन जिल्ह्यातलं. हे बेलूर हुबळी-धारवाडच्या वेशीवरचं, औद्योगिक वसाहतीचं. कारखान्यांच्या या पट्ट्यातच कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे. 2008 साली ते फिरतं खंडपीठ म्हणून सुरू झालं आणि 2013 मध्ये कायमचं झालं. बेळगाव, बागलकोट, गदग, हावेरी, कोप्पळ, बळ्ळारी, उत्तर कन्नड आणि खुद्द धारवाड, एवढ्या मोठ्या मुलखातली माणसं आपापली प्रकरणं घेऊन बेलूरला येतात.

त्या मुलखाचा नकाशा उघडून धारवाडवर बोट ठेवा. पश्चिमेला कलघटगी, दांडेलीकडे पाऊस वाढत जातो आणि जंगल दाट होत जातं. पूर्वेला नवलगुंदची काळी रानं लागतात, मग गदगचा कप्पतगुड्डा, मग कोप्पळच्या दगडधोंड्यांच्या टेकड्या. पश्चिमेचा मलनाड आणि पूर्वेची बयलुसीमा यांच्या सांध्यावर धारवाड वसलेलं आहे. पूर्वेच्या या उघड्या, कोरड्या, काटेरी झुडपांच्या माळावर एक प्राणी राहतो. त्याच्याविषयी आपण लहानपणापासून गोष्टी ऐकल्या, बातम्या वाचल्या आणि तरी त्याला जवळजवळ ओळखतच नाही. तो म्हणजे लांडगा.

दर काही महिन्यांनी कुठूनतरी बातमी येते: ‘लांडग्यांना दिसताक्षणी गोळ्या घाला’, ‘लांडग्यांच्या शिकारीला परवानगी’. वाचणाऱ्याला वाटतं, आता बंदूक घेऊन कुणीही निघावं. प्रत्यक्षात भारतात लांडग्याच्या शिकारीला असा परवाना मिळतच नाही. शिकारीचा हंगाम नाही, किती मारायचे याचा कोटा नाही, बक्षीसही नाही. जे आहे ते इतकं मोजूनमापून लिहिलेलं आहे, की एकदा नीट वाचलं तर कायद्याविषयीचा आदर वाढतो आणि बातमीविषयीची काळजीसुद्धा.

कोण हा लांडगा?

आधी त्याची ओळख करून घेऊ. युरोप-अमेरिकेच्या चित्रपटांतला बर्फातला, दाट केसांचा, धिप्पाड लांडगा डोळ्यांपुढून बाजूला करा. दख्खनचा लांडगा सडपातळ असतो. वजन साधारण वीस किलोच्या आसपास, पाय लांब, केस आखूड, रंग वाळलेल्या गवताचा. उन्हाळ्यात माळावर तो बसला असेल तर शंभर पावलांवरून दिसायचा नाही.

हा प्राणी नुसता वेगळ्या अंगकाठीचा नाही, त्याचं घराणंच निराळं आहे. 2021 मध्ये लॉरेन हेनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आणि तिबेटी लांडग्यांचे संपूर्ण जनुकीय आराखडे वाचून जगभरातल्या इतर लांडग्यांशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा निघाला, की भारतीय लांडगा ही आज जिवंत असलेल्या करड्या लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे. युरोप, उत्तर आशिया आणि अमेरिकेतले लांडगे एकमेकांचे जितके जवळचे, त्याहून हा कितीतरी दूरचा. म्हणजे कोप्पळच्या टेकडीवरून संध्याकाळी जो आवाज येतो, तो पृथ्वीवरच्या लांडग्यांच्या फार जुन्या घराण्याचा आवाज आहे.

आणखी एक गोष्ट ऐका. गुजरातमधल्या वेळावदरच्या गवताळ रानात यादवेंद्रदेव झाला यांनी लांडग्यांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला. काळविटाचं मांस तर होतंच, पण लांडगे बोरंही खातात असं दिसलं. ज्याला आपण रक्तपिपासू म्हणतो तो मोसमात बोरीखाली पडलेली बोरं वेचून खातो! उंदीर, ससे, पाखरं हेही त्याच्या जेवणात असतात. शिकारीचं जंगली जनावर कमी झालं, की मग मेंढरू.

हिवाळ्यात पिल्लं होतात. दगडांच्या सांदीत किंवा ओढ्याच्या काठाला पोखरलेल्या घळीत मादी त्यांना जन्म देते. जन्मतः ती आंधळी असतात. नर शिकार करून आणतो आणि पोटातलं मांस बाहेर काढून मादीला, पिल्लांना भरवतो. आदल्या वर्षीची थोरली भावंडंही राखणीला थांबतात. आपण ज्याला ‘टोळी’ म्हणतो ती खरं तर आई, बाप आणि त्यांची मुलं असते.

असे लांडगे भारतात आज किती उरले? झाला आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेला अंदाज सुमारे तीन हजारांचा आहे. आपण संकटातला प्राणी म्हणून वाघाचं नाव घेतो, पण वाघांची देशातली संख्याही साधारण याच घरात आहे. वाघाला राखीव जंगलं आहेत, लांडग्याचं बहुतेक आयुष्य मात्र गावाच्या माळावर जातं.

एकेकाळी बक्षीस होतं

तीन हजार हा आकडा लक्षात ठेवा आणि आता मागे जा. ब्रिटिश अमदानीत धारवाड मुंबई इलाख्यात होतं. त्या काळी वाघ, बिबटा, लांडगा यांना मारून आणणाऱ्याला सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या नोंदींचा हिशेब मांडला. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी मारलेल्या वाघांची संख्या ऐंशी हजारांवर जाते, बिबट्यांची दीड लाखावर, आणि लांडग्यांची दोन लाखांवर.

दोन लाख भागिले पन्नास. दर वर्षाला चार हजार. आज सबंध देशात जेवढे लांडगे आहेत त्याहून जास्त लांडगे त्या पन्नास वर्षांत सरासरीने दरसाल मारले जात होते, तेही फक्त नोंद झालेले. इतकं होऊनही हा प्राणी टिकला कसा, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटलं. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. धारवाड तेव्हा त्याच राज्यात होतं आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तिथेच राहिलं. मग 1972 मध्ये संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा केला. वन्यप्राणी हा तेव्हा राज्यांचा विषय होता. म्हणून राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला विनंती केली आणि राज्यघटनेच्या 252 व्या कलमाखाली सबंध देशाला पुरेल असा कायदा जन्माला आला. आज लांडगा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-सिंहाच्या पंक्तीत आहे.

कायदा नेमकं काय सांगतो?

या कायद्याच्या नवव्या कलमाने शिकारीवर बंदी घातली. पण ‘शिकार’ म्हणजे काय? इथे कायदा लिहिणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते. गोळी घालून ठार मारणं ही तर शिकार आहेच. विष घालणं, पकडणं, फासा लावणं, सापळा मांडणं, आमिष ठेवणं, हाका घालून पिटाळणं, हीसुद्धा शिकारच. इतकंच काय, यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं हीही शिकार. गावातली पन्नास माणसं काठ्या घेऊन, डबे वाजवत लांडग्याच्या मागे धावली, तर कुणाच्या हातून एक दगडही लागला नसला तरी त्या कृतीकडे कायदा याच नजरेने पाहू शकतो. पिल्लं असलेल्या घळीत धूर करणं हेही त्यात आलं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला शिक्षा किमान तीन वर्षांची, जास्तीत जास्त सात वर्षांची, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड.

मग लांडगा खरंच माणसांवर हल्ले करू लागला तर? कायद्याने डोळे मिटून घेतलेले नाहीत. अकरावं कलम त्यासाठीच आहे, आणि ते पायरीपायरीने वाचण्यासारखं आहे.

पहिली पायरी: परवानगी देण्याचा अधिकार राज्यभरात एकाच अधिकाऱ्याला, मुख्य वन्यजीव रक्षकाला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी हा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला नाही, तालुक्याच्या वनाधिकाऱ्याला नाही, आमदार-खासदाराला तर नाहीच.

दुसरी पायरी: कारणं दोनच. तो प्राणी मानवी जीविताला धोकादायक झालेला असावा, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असावा. ‘मानवी जीविताला’ हे शब्द महत्त्वाचे. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत मालमत्तेचं, उभ्या पिकाचं नुकसान हे कारणही कायदा मान्य करतो. लांडग्याच्या बाबतीत नाही. त्याने मेंढरं मारली म्हणून त्याला मारण्याची परवानगी देता येत नाही.

तिसरी पायरी: पकडणं, भूल देणं, दुसरीकडे नेऊन सोडणं, यातलं काहीच शक्य नाही अशी त्या अधिकाऱ्याची खात्री पटल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश निघू शकत नाही. पकडला तरी जन्मभर पिंजऱ्यात ठेवता येत नाही. त्याचं जंगलात पुनर्वसन अशक्य आहे, हे आधी ठरवावं लागतं.

चौथी पायरी: हे सगळं लेखी, कारणांसह. मुक्या जनावराच्या मरणासाठी राज्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने कागदावर कारण मांडायचं आणि त्याखाली सही करायची. हा कागद कुणीही पाहू शकतं, त्याला न्यायालयात आव्हान देऊ शकतं. बक्षीस देऊन दोन लाख लांडगे मारणारी राजवट आणि एका लांडग्यासाठी लेखी कारण मागणारं हे प्रजासत्ताक, यांच्यामध्ये अवघ्या पन्नास वर्षांचं अंतर आहे.

याच कलमात माणसाचाही विचार आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने, एखाद्याच्या हातून वन्यप्राणी मेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा ठरत नाही. अट एवढीच, की तो माणूस त्या वेळी या कायद्याविरुद्ध काही करत नसावा. रात्री झोपडीत शिरलेल्या लांडग्याच्या तावडीतून लेकरू सोडवणाऱ्या आईला कायदा गुन्हेगार म्हणत नाही.

आणखी एक तरतूद बातम्यांत नेहमी सरमिसळ होऊन येते, ती 62 व्या कलमाची. केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी ‘उपद्रवी’ घोषित करू शकतं. 2015-16 मध्ये उत्तराखंडात रानडुकरं, बिहारात रानडुकरं आणि नीलगायी, हिमाचल प्रदेशात माकडं अशी घोषित झाली होती. पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला हे कलम लागूच होत नाही. लांडगा जोवर त्या अनुसूचीत आहे, तोवर त्याला कुणीही उपद्रवी घोषित करू शकत नाही.

बातमी मध्येच कुठे वाकते?

आता 2024 चा पावसाळा आठवा. उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्याच्या महसी तालुक्यात लहान मुलांवर हल्ले होऊ लागले. मुलं दगावली, एका पाठोपाठ एक. घरं गरिबांची, कित्येकांना दारं नाहीत, पावसाळी रात्री वीज नाही. ते दुःख खरं होतं आणि त्यामागे लांडगे होते हेही खरं. वन विभागाने ‘ऑपरेशन भेडिया’ सुरू केलं. ड्रोन, पिंजरे, भुलीच्या बंदुका आल्या. पाच लांडगे जिवंत पकडले गेले. पकडणं जमलंच नाही तर शेवटचा उपाय म्हणून गोळी घालायची परवानगी राज्याच्या वरिष्ठ वनाधिकाऱ्यांनी दिली.

शेवटचा उपाय, हे शब्द मथळ्यात मावले नाहीत. देशभर ‘दिसताक्षणी गोळी’ एवढंच पोचलं. वाहिन्यांवर लांडगे सूड घेत असल्याच्या कहाण्या रंगल्या. उरलेल्या लांडग्याला लंगडा म्होरक्या ठरवून त्याचं चरित्र रचलं गेलं. त्याच सुमारास पिलीभीतमध्ये कोल्ह्यांनी काही माणसांना जखमी केलं, पण एव्हाना उत्तर प्रदेशात कुठेही, कशानेही चावा घेतला तरी पहिला संशय लांडग्यावर जात होता. ऑक्टोबरमध्ये सहावा लांडगा गावकऱ्यांनी मारून टाकला.

अशा वेळी मथळ्याने केलेला गोंधळ नेमका काय असतो? आदेश असतो विशिष्ट भागातल्या, विशिष्ट हल्लेखोर प्राण्यासाठी. बातमीत तो ‘लांडग्यांसाठी’ होतो. एका प्राण्यावरून सबंध जातीवर उडी. मग हजार किलोमीटर दूर, कर्नाटकातल्या नाहीतर सोलापूरच्या माळावर, ज्याने कधी माणसाकडे मान वर करून पाहिलं नाही असा लांडगा दिसला, की मोबाइलवर त्याची चित्रफीत फिरू लागते आणि माणसं जमतात. आदेश एका राज्यातल्या काही गावांचा आणि भीती सबंध देशाची.

हे नवीन नाही. 1996 मध्ये पूर्व उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या भागात मुलांवर सत्तरहून अधिक हल्ले झाले. गावागावांत कुजबुज होती, की हा लांडगा नव्हेच. कुणी म्हणे माणसाचा लांडगा होतो, कुणी म्हणे सीमेपलीकडून आलेले घुसखोर लांडग्याची कातडी पांघरून फिरतात. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या अफवा छापल्या. परक्या माणसांवर जमावांनी हल्ले केले. यादवेंद्रदेव झाला आणि दिनेश कुमार शर्मा यांनी तिथे जाऊन एकेक घटना तपासली. हल्ले लांडग्याचेच होते, पण पुरावे एकाच लांडग्याकडे किंवा एकाच कळपाकडे बोट दाखवत होते. हल्लेखोर कोण, कुठला, किती, याचं उत्तर शांतपणे शोधलं असतं तर माणसांचे आणि लांडग्यांचे कितीतरी जीव वाचले असते.

लांडग्याविषयीच्या खोट्या बातम्या नेहमी भीतीच्याच असतात असंही नाही. ‘लांडग्यांनी वाढवलेल्या’ अमला आणि कमला या मुलींची गोष्ट तुम्ही शाळा-कॉलेजच्या पुस्तकात वाचली असेल. मिदनापूरच्या अनाथाश्रमाचे चालक जे. ए. एल. सिंग यांनी 1920 नंतर ती जगापुढे आणली. फ्रेंच लेखक सर्ज आरोल यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की रोजच्या रोज लिहिलेली म्हणून सांगितलेली दैनंदिनी नंतर लिहिलेली होती आणि गाजलेली छायाचित्रं मुलींच्या मृत्यूनंतरची होती. कधी मुलं पळवणारा राक्षस, कधी मुलं वाढवणारी माय! बोरं खाणारा, पिल्लांना भरवणारा, माणसाची चाहूल लागताच वाट बदलणारा खरा लांडगा या दोन्हींच्या मध्ये हरवून जातो.

चाव्याची बातमी वाचताना

माणसावरचे लांडग्याचे हल्ले जगभरात कसे होतात? नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2002 ते 2020 या काळातले हल्ले गोळा करून अभ्यासले. 489 माणसांवर हल्ले झाले होते. त्यांपैकी 380 जणांवरचे हल्ले पिसाळलेल्या, म्हणजे रेबीज झालेल्या लांडग्यांचे होते. भक्ष्य म्हणून हल्ला झाला तो 67 जणांवर. उरलेले डिवचल्यामुळे किंवा बचावासाठी. मृत्यू एकूण 26, त्यांतले 14 रेबीजच्या हल्ल्यांतले.

यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट कळते. एकटा लांडगा भर दिवसा गावात शिरतो आणि दिसेल त्याला, माणसाला, गुराला, कुत्र्याला चावत सुटतो, तेव्हा बहुधा तो आजारी असतो. अशा वेळी पहिली धाव दवाखान्याकडे घ्यायची. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजची लस, जखमेत द्यायची प्रतिद्रव्यं वेळेत घ्यायची. ‘नरभक्षक लांडग्याचा धुमाकूळ’ असा मथळा देणारी बातमी लसीचं नावही घेत नसेल, तर तिने वाचकाचा जीवच धोक्यात घातलेला असतो. दिशाभूल करणारी बातमी फक्त लांडग्याच्या मुळावर येते असं कुणी समजू नये.

परदेशचे कायदे, आपले मोबाइल

गोंधळात भर पडते ती परदेशी बातम्यांनी. मराठी कुटुंबं आज अमेरिकेत आहेत, जर्मनीत आहेत. तिथली बातमी इथल्या कुटुंबाच्या ग्रुपवर तासाभरात येते. अमेरिकेत लांडग्याचं केंद्रीय संरक्षण जानेवारी 2021 मध्ये उठलं. फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्याने परवानाधारक शिकाऱ्यांसाठी 119 लांडग्यांचा कोटा दिला. तीन दिवसांच्या आत 218 मारले गेले आणि हंगाम घाईने बंद करावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने बहुतेक राज्यांत संरक्षण परत आणलं. युरोपात डिसेंबर 2024 मध्ये बर्न करारातल्या देशांनी लांडग्याला ‘कडक संरक्षित’वरून ‘संरक्षित’ या गटात आणायचं ठरवलं आणि मार्च 2025 पासून ते अमलात आलं. तिथेही मथळे आले, शिकार खुली झाली म्हणून. वास्तविक त्या निर्णयाने देशांना मोकळीक वाढवून दिली. लांडग्यांची संख्या सुस्थितीत ठेवण्याचं बंधन कायम राहिलं आणि ज्या देशाला कडक संरक्षण चालू ठेवायचं आहे त्याला ते ठेवता येतं.

तिथे चर्चा किती मारावेत याची असते. आपला कायदा मारू नये इथून सुरू होतो आणि अपवादासाठी कारण मागतो. दोन्हीकडच्या बातम्या एकाच शब्दांत वाचल्या तर दोन्ही चुकीच्या समजतात.

बंकापूरची घळ आणि धनगराची वाघर

बेलूरच्या खंडपीठाच्या मुलखातच आता लांडग्यांसाठी राखलेलं एक अभयारण्य आहे. कोप्पळ जिल्ह्यात, गंगावती तालुक्यातलं बंकापूर. हावेरी जिल्ह्यातलं मोरांसाठी प्रसिद्ध असलेलं, किल्ल्याचं बंकापूर निराळं. नावाच्या साम्यामुळे बातम्यांत ही दोन गावं सहज एकमेकांत मिसळू शकतात. खास लांडग्यांसाठीचं देशातलं जुनं अभयारण्य म्हणजे झारखंडमधलं महुआडांड, 1976 सालचं. त्यानंतर हे बंकापूर. खडकांतल्या नैसर्गिक घळी, काटेरी झुडपं आणि गवत. 2025 मध्ये इथे एका मादीला आठ पिल्लं झाल्याची आनंदाची बातमीही आली.

या अभयारण्याचं क्षेत्र सुमारे 332 हेक्टर, म्हणजे साडेतीन चौरस किलोमीटरही नाही. आणि लांडग्याच्या एका कळपाचा वावर असतो शंभर-दोनशे चौरस किलोमीटरवर! म्हणजे अभयारण्याने राखला तो फक्त पाळणा. पिल्लं मोठी होऊन बाहेर पडली, की पाय पडतो तो शेतात, गायरानात, कुरुबा आणि धनगरांच्या मेंढरांच्या वाटेवर. राणेबेन्नूरचं काळवीट अभयारण्य असो, गदगचा कप्पतगुड्डा असो, की महाराष्ट्रातलं सोलापूरजवळचं नान्नज, सगळीकडे हीच गत. सरकारी नकाशांवर हा माळ ‘पडीक’ म्हणून रंगवलेला असतो, त्यामुळे कारखाना, रस्ता, सौरऊर्जेचा प्रकल्प यांसाठी पहिली नजर जाते ती त्यावरच.

तिथे लांडग्याला खरोखर सांभाळतो तो मेंढपाळ. काळ्या लोकरीची दख्खनी मेंढरं घेऊन तो मैलोन् मैल चालतो. रात्री शेतात मेंढरं बसवायची, भोवती वाघर, म्हणजे जाळी, लावायची, कुत्री सोडायची आणि घोंगडी पांघरून उघड्यावर निजायचं. पहाटे एखादं कोकरू कमी भरतं. लांडगा ते उचलून नेतो, मागे हाडही उरत नाही. पुराव्याशिवाय पंचनामा कसा व्हायचा, आणि आज इथे उद्या तिथे असलेल्या माणसाने भरपाईसाठी कचेरीत खेटे कधी घालायचे? कायदा त्याला सांगतो, मेंढरासाठी लांडगा मारता येणार नाही. हे योग्यच आहे. पण मग त्या मेंढराची किंमत समाजाने वेळेवर चुकती केली पाहिजे. आपल्या सगळ्यांच्या वतीने लांडगा जगवण्याचा खर्च आज तो एकटा सोसतो आहे, आणि बातम्यांत त्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो. ‘लांडग्याने अमुक मेंढ्या फाडल्या’ ही बातमी होते. भरपाई मिळाली का, किती दिवसांनी मिळाली, ही बातमी होत नाही.

वाचकांनो, चार प्रश्न विचारा

पुढच्या वेळी लांडग्याची बातमी किंवा चित्रफीत हातात आली, की पुढे ढकलण्याआधी चार गोष्टी विचारा. प्राणी नक्की कोणता? तरसाची पाठ मागे उतरती असते आणि अंगावर पट्टे असतात, कोल्हा लांडग्याच्या निम्म्याहून लहान असतो, आणि गावकुत्र्याची शेपटी बहुधा वर वळलेली तर लांडग्याची खाली लोंबती असते. पुरावा काय? ठसे कुत्र्याच्या ठशांसारखेच दिसतात, म्हणून जखमेतल्या लाळेची जनुकीय तपासणी, कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र, पशुवैद्यकाचा अहवाल यांपैकी काही आहे का ते पाहा. आदेश कुणाचा आहे? मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश नसेल, तर शिकारीची परवानगी मिळालेलीच नाही. आणि आदेश कुठल्या भागासाठी, कुठल्या प्राण्यासाठी, कोणत्या अटींवर आहे? ते बातमीत नसेल तर बातमी अर्धीच आहे.

पत्रकार मित्रांना विनंती, की अकराव्या कलमातल्या त्या अटी एका वाक्यात छापा. जागा थोडी लागेल, पण त्याने मुलं वाचतील, मेंढपाळांना न्याय मिळेल आणि लांडगेही वाचतील. सुमारे तीन हजार लांडगे उरलेल्या देशाला अर्धवट मथळे परवडणारे नाहीत.